घरी प्रोजेक्टर बनवायचाय, भिंग कोणतं घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साडेपाच इंची टू-के पॅनल (चित्र उमटवणारा एलसीडी पडदा) मागवलं आहे, १०० वॅटची एलईडी हातात आहे. घरात आजोबांच्या कॅमेऱ्याचं ५० मिमी, एफ/१.८ भिंग पडून आहे आणि ९० मिमी व्यासाचं वाचनाचं भिंगही आहे. खोली १० बाय १२ फुटांची, चित्र १०० इंची हवं. यातलं कुठलं भिंग चालेल, आणि चालत नसेल तर विकत कोणतं घ्यावं?

आधी थेट उत्तर देतो, कारणं मागाहून. कॅमेऱ्याचं भिंग चालणार नाही. वाचनाचं भिंग तपासणीला उत्तम आहे, पण त्यावर दोन तासांचा सिनेमा बघवणार नाही. तुमच्या पॅनलला आणि खोलीला साधारण २०० मिमी नाभीय अंतराचं (फोकल लेंग्थचं), ८० मिमीच्या आसपास व्यासाचं, तीन भिंगं एका नळीत बसवलेलं जोडभिंग लागेल. बाजारात त्याला ट्रिप्लेट म्हणतात. आणि चित्र १०० ऐवजी ८० इंची ठेवा.

हे आकडे तुमच्या खोलीचे आहेत. दुसऱ्या कुणाची खोली १६ फुटी असेल किंवा पॅनल सात इंची असेल तर उत्तर बदलेल. म्हणून आकड्यांपेक्षा ते कसे आले हे समजून घ्या. माझं काम प्रोजेक्टर दुरुस्तीचं. टेबलावर येणाऱ्या घरगुती यंत्रांत भिंग मुळात खराब असल्याचं फार क्वचित दिसतं. बहुतेक वेळा भिंग चांगलं असतं, पण त्या पॅनलचं किंवा त्या खोलीचं नसतं. एकटं भिंग निवडताच येत नाही. खोलीची लांबी, पॅनलचा कर्ण आणि एलईडीच्या उजळ चौकोनाचा आकार हे तीन आकडे आले की भिंग आपोआप ठरतं. लोक आधी भिंग घेतात आणि मग बाकीचं त्याला जुळवत बसतात, तिथे घोळ होतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. फक्त सिनेमा बघायचा असेल, तर साधा तयार एलईडी प्रोजेक्टर घ्या. सुटे भाग जमवून बनवलेलं यंत्र त्याच्यापेक्षा स्वस्त पडेलच असं नाही. पण स्वस्त तयार यंत्रांत बऱ्याचदा आतलं पॅनल ८०० बाय ४८० ठिपक्यांचंच असतं, खोक्यावर १०८० लिहिलेलं असलं तरी. ते फक्त १०८० चा सिग्नल स्वीकारतं. तुमचं पॅनल १४४० बाय २५६० आहे. नीट जमवलं तर अक्षरं इतकी सुबक दिसतात की त्या किमतीतलं तयार यंत्र जवळ येत नाही. शिवाय प्रकाश कुठून कुठे जातो हे स्वतःच्या हातांनी जुळवण्यात जे शिकायला मिळतं, त्यासाठी हा खटाटोप करावा असं मला मनापासून वाटतं.

आता खोलीपासून उलटं मोजत येऊ. खोली १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर. एलईडी, तिचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आणि पंखा, मग फ्रेनेल (प्रकाश वळवणारं पातळ, खाचांचं भिंग), पॅनल, पुढे भिंग असं सगळं सरळ रेषेत मांडलं की पेटी साधारण ४५ सेंटिमीटर लांब होते. मागून गरम हवा बाहेर पडायला पाच सेंटिमीटर सोडा. भिंगापासून समोरच्या भिंतीपर्यंत उरले ३.१५ मीटर. मागची भिंत सोडून पेटी खोलीच्या मध्यावर ठेवणार असाल तर हा आकडा आणखी कमी होईल, हे लक्षात घ्या.

दहावीच्या विज्ञानात भिंगाचं सूत्र असतं. ते आपल्या कामापुरतं असं मांडता येतं: भिंग ते भिंत हे अंतर म्हणजे नाभीय अंतर गुणिले (विशालन अधिक १). विशालन म्हणजे चित्र पॅनलच्या किती पट. ८० इंचांना साडेपाचने भागलं की १४.५. २०० मिमीचं भिंग असेल तर २०० गुणिले १५.५, म्हणजे ३.१ मीटर. तुमच्या खोलीत अगदी चपखल बसतं. १०० इंची चित्र त्याच अंतरात हवं असेल तर विशालन १८ च्या पुढे जातं आणि भिंग १६० मिमीचं लागतं. १३५ मिमीचं घेतलं तर चित्र १२० इंचांपुढे जाईल, आणि ८० इंचांसाठी यंत्र भिंतीपासून जेमतेम दोन मीटरवर आणावं लागेल. म्हणजे पेटी बघणाऱ्यांच्या मधोमध, पंख्याच्या आवाजासकट.

मग १६० मिमीचंच का घेऊ नये? घेता येईल, पण दोन अडचणी आहेत. पहिली अडचण कोपऱ्यांची. नाभीय अंतर जितकं कमी, तितकं भिंगाला पॅनलचे कोपरे तिरप्या कोनातून बघावे लागतात. तुमच्या पॅनलचा कर्ण १४० मिमी, म्हणजे मध्यापासून कोपरा ७० मिमी दूर. २०० मिमीच्या भिंगाला हा कोपरा साधारण १८ अंशांवर दिसतो, १६० च्या भिंगाला २२-२३ अंशांवर आणि १३५ च्या भिंगाला जवळपास २६ अंशांवर. महागड्या, पाच-सहा काचांच्या भिंगाला हे कोन झेपतात. आपल्याला परवडणाऱ्या ट्रिप्लेटला १८ अंश सहज झेपतात, २२-२३ वर कोपरे थोडे मऊ पडतात, २६ वर सबटायटलची पहिली आणि शेवटची अक्षरं विरघळतात. माझा ठोकताळा असा: परवडणाऱ्या भिंगाचं नाभीय अंतर पॅनलच्या कर्णाच्या सव्वापटीपेक्षा कमी नको, दीडपट मिळालं तर छानच.

दुसरी अडचण उजेडाची. ८० इंची चित्राचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटर, १०० इंचीचं पावणेतीन. तोच उजेड दीडपटीहून जास्त जागेवर पसरतो. आणि उजेड आपल्याकडे मुळातच कमी आहे, कसा ते सांगतो.

१०० वॅटच्या एलईडीतून चांगल्या प्रतीची असेल तर ९,००० लुमेनच्या (लुमेन म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपास प्रकाश निघतो. तो चहूकडे पसरतो. त्यातला भिंगाच्या कामी येईल अशा दिशेने पॅनलवर पोचतो तो साधारण एक तृतीयांश, म्हणजे ३,०००. रंगीत एलसीडी पॅनल आरपार सोडतं ते फक्त पाच टक्क्यांच्या घरात. निम्म्याहून जास्त प्रकाश पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारी फिल्म) शोषतो, उरलेल्यातला दोन तृतीयांश लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या खातात, आणि काही भाग ठिपक्यांमधल्या काळ्या जाळीवर अडतो. राहिले १५०. फ्रेनेल आणि भिंगात आणखी थोडे जातात. भिंतीवर येतात ते १२० लुमेन धरा. ८० इंची चित्रावर हे ६८ लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन) होतात, म्हणजे मॅट पांढऱ्या भिंतीवर सुमारे २२ निट (चित्र डोळ्यांना किती उजळ दिसतं याचं एकक). डिजिटल सिनेमागृहाच्या पडद्याचं प्रमाण ४८ निट आहे. म्हणजे पूर्ण अंधारात थिएटरच्या जवळपास निम्मा उजेड. डोळे सरावले की हा उजेड पुरतो, मी अशा चित्रांवर समाधानाने सिनेमे पाहिले आहेत. १०० इंचीवर तोच आकडा १४ वर येतो आणि रात्रीचे प्रसंग काळ्यात बुडतात. म्हणून ८० इंच म्हणालो.

इथे जवळपास प्रत्येकजण म्हणतो, मग २०० वॅटची एलईडी लावू. या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

प्रकाश नुसता पॅनलमधून जाऊन भागत नाही, पुढे तो भिंगाच्या तोंडात शिरला पाहिजे. आपल्या यंत्रात दोन फ्रेनेल असतात. मागची एलईडीचा प्रकाश समांतर करून पॅनलवर टाकते, पुढची तो समांतर प्रकाश गोळा करून भिंगाकडे वळवते. या दोघींमुळे भिंगाच्या जागी एलईडीचीच एक प्रतिमा तयार होते. मागच्या फ्रेनेलचं नाभीय अंतर १२० मिमी आणि पुढचीचं २२० असेल, तर ती प्रतिमा एलईडीच्या १.८ पट मोठी पडते. १०० वॅटच्या चौकोनी एलईडीचा पिवळा भाग साधारण २४ मिमीचा. प्रतिमा झाली ४४ मिमी. त्यात एलईडीच्या तोंडाशी जे जाड काचेचं छोटं भिंग बसवतात, त्यामुळे तिचा चौकोन आणखी मोठा भासतो आणि प्रतिमा ६५-७० मिमीपर्यंत जाते. ८० मिमी व्यासाचं भिंग ती पूर्ण गिळतं. ५० मिमी व्यासाचं भिंग असेल तर कडेचा सगळा प्रकाश पेटीच्या आत आपटून वाया जातो.

आता २०० वॅटची मोठी एलईडी घ्या. तिचा पिवळा भागच मोठा, त्यामुळे प्रतिमाही मोठी, आणि वाढलेला बहुतेक प्रकाश भिंगाच्या कडेबाहेर पडतो. भिंतीवर उजेड जेमतेम वाढतो, उष्णता मात्र दुप्पट. प्रकाश वाढवायचा तर लहान चौकोनातून जास्त प्रकाश देणारी एलईडी हवी किंवा भिंगाचा व्यास वाढवायला हवा. वॅटचा आकडा हा खरेदीचा निकषच नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं आणि बघाच. सगळं मांडून झालं की भिंग काढून ठेवा आणि त्याच्या जागी पांढरा कागद धरा. एलईडी अगदी मंद करा. कागदावर पिवळसर चौकोन उमटेल. एलईडी मागेपुढे सरकवली की एका जागी तो लहान आणि रेखीव होतो, नीट बघितलं तर आतल्या चिप्सच्या रांगासुद्धा दिसतात. पेन्सिलने त्याच्याभोवती रेघ मारा. त्या रेघेवर भिंग उलटं ठेवून बघा. चौकोन काचेच्या आत मावला तर भिंग बरोबर आहे.

आता कळेल की आजोबांचं ५० मिमी भिंग का चालत नाही. ते ३५ मिमी फिल्मसाठी बनलेलं आहे, म्हणजे ४३ मिमी कर्णाच्या चौकटीसाठी. तुमच्या पॅनलचा कर्ण १४० मिमी. मधला एक गोल तुकडा तेवढा सुरेख दिसेल, बाकी काळोख. शिवाय ५० ला १.८ ने भागलं की छिद्र २८ मिमीचं, त्यात ७० मिमीची प्रतिमा शिरणार कशी? ते भिंग जपून ठेवा, कॅमेऱ्यालाच लावा. स्लाइड प्रोजेक्टरच्या भिंगाचंही तेच, तेसुद्धा ३५ मिमी स्लाइडचं. बंद पडलेल्या एकपडदा थिएटरांमधली सिनेमाची भिंगं जुन्या बाजारात येतात. पितळी, वजनदार, बघूनच मोह पडतो. पण ३५ मिमी सिनेमाच्या चौकटीचा कर्ण २७ मिमीच्या आसपास, त्यामुळे आपल्या कामी तीही येत नाहीत. झेरॉक्स यंत्रातलं भिंग कागदाएवढा आकार व्यवस्थित झाकतं, रेखीवपणाही चांगला देतं, पण त्याचं छिद्र लहान आणि चित्र अंधारं.

कॉलेजच्या भंगारात निघालेला ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टर) मिळाला तर जरूर घ्या, पण भिंगासाठी नको. त्याचं भिंग ३०० मिमीच्या पुढचं असतं. तुमच्या खोलीत ते ५२ इंचांच्या पुढे चित्र देणार नाही. घ्यायचा तो त्याच्या काचेखालच्या फ्रेनेलसाठी. ती साडेअठ्ठावीस सेंटिमीटरच्या चौकोनाला पुरेल एवढी मोठी असते, त्यातून पॅनलच्या मापाचा तुकडा कापता येतो. कापताना वर्तुळांचा मध्य तुकड्याच्याही मध्यावरच आला पाहिजे, नाहीतर सगळा प्रकाश एका बाजूला पळतो. सगळ्यात चांगला दाता म्हणजे आपल्या यंत्राच्याच जातीचा, एका एलसीडीचा मेलेला स्वस्त प्रोजेक्टर. त्यांची पॅनलं जातात, भिंग आणि फ्रेनेल शाबूत राहतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत दुरुस्तीवाल्यांकडे विचारा, त्यांच्या कोपऱ्यात अशी दोन-चार खोकी धूळ खात असतात. घेताना आतलं पॅनल किती इंची होतं ते बघा. चार इंचीवाल्याचं भिंग तुमच्या साडेपाच इंचांचे कोपरे सोडून देईल.

वाचनाचं भिंग मी तपासणीला उत्तम म्हणालो, ते असं. अनोळखी भिंगाचं नाभीय अंतर काढायला दुपारी खिडकीसमोरच्या भिंतीवर कागद चिकटवा. भिंग कागदासमोर धरून मागेपुढे करा, म्हणजे बाहेरच्या इमारतीची उलटी, रंगीत प्रतिमा कागदावर येईल. ती सगळ्यात रेखीव होते तेव्हा भिंग ते कागद हे अंतर पट्टीने मोजा. तेच नाभीय अंतर, बाहेरची इमारत पन्नासएक मीटर लांब असली की पुरे. ९० मिमी व्यासाच्या बऱ्याच वाचनभिंगांत ते २०० च्या आसपास निघतं, तसं निघालं तर तुमचं नशीब.

मग रात्री खोलीत पूर्ण अंधार करा. साडेपाच-सहा इंची मोबाइलवर वर्तमानपत्राचं पान उघडा, उजेड पूर्ण वाढवा, आणि मोबाइल पुस्तकांच्या टेकूने आडवा, भिंतीकडे तोंड करून उभा ठेवा. समोर २१४ मिमीवर भिंग, तीन मीटरवर भिंत. चित्र फिकं आणि उलटंपालटं येईल, पण अख्खं येईल. आता मधल्या ओळी स्पष्ट करा आणि कोपऱ्यातल्या ओळी वाचून बघा. एकेरी भिंगात मधली ओळ वाचता येते, कोपऱ्यातली फुटते. भिंग पुढेमागे करून कोपरा जुळवला तर मधलं जातं. पांढऱ्या अक्षरांना एका बाजूला निळी, दुसऱ्या बाजूला केशरी किनार दिसते. हेच ट्रिप्लेट लावून बघितलंत तर फरक सांगायची गरज उरणार नाही. दोन बहिर्गोल भिंगांमध्ये वेगळ्या काचेचं एक अंतर्गोल भिंग ठेवलं की हे दोष बऱ्यापैकी एकमेकांना मारतात. ही रचना इंग्लंडमधल्या हॅरल्ड डेनिस टेलर यांनी १८९३ साली काढली आणि आजही साध्या प्रोजेक्टरांत तीच चालते. पॅनल, एलईडी, पेटी यांतलं काहीही न घेता हा प्रयोग होतो. म्हणून विकणाऱ्याला सांगून मोबाइल दुकानातच लावून बघा, बरेचजण आनंदाने बघू देतात.

काचेच्या ट्रिप्लेटला प्लास्टिकचा पर्याय विकतात. हातात घेऊन नखाने हळूच टिचकी मारा, काचेचा आवाज वेगळा कळतो. प्लास्टिकचं चालतं, पण तास-दीड तासात ते तापलं की फोकस सरकतो आणि सिनेमा मध्येच थांबवून जुळवावा लागतो.

फ्रेनेलबद्दल दोनच गोष्टी सांगतो, पण त्या चुकवू नका. ऑगस्तँ फ्रेनेलने ही भिंगं दीपगृहांसाठी काढली. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात पहिलं बसलं. जाड काच टाकून नुसते वळणदार काठ ठेवायचे ही त्यातली युक्ती. आपल्याकडे ती अ‍ॅक्रिलिकच्या पातळ पत्र्यात येते. तिची एक बाजू गुळगुळीत आणि एक खाचांची. दोन्ही फ्रेनेलच्या खाचा पॅनलकडे तोंड करून हव्यात. उलटी बसवली की कडा अंधारतात. आणि पॅनलपासून १० ते १५ मिमी अंतर सोडा. चिकटवून ठेवली तर खाचांची गोल वर्तुळं चित्रात दिसतात, ठिपक्यांशी जुळून लाटांसारखी नक्षीही उमटते.

पॅनलबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी पाकीट फोडण्याआधी दोन गोष्टी बघा. साडेपाच इंची टू-के पॅनल सहसा रेझिन थ्रीडी प्रिंटरचा सुटा भाग म्हणून मिळतात. मागचा प्रकाश नसलेली येतात, त्यामुळे मागचा दिवा सोलून काढण्याची जोखीम नाही, हे फार सोयीचं. पण अलीकडे प्रिंटरसाठी मोनो पॅनल विकतात, त्यात रंगांच्या गाळण्याच नसतात. वर्णनात मोनो शब्द असेल तर परत करा, चित्र करडं येईल. दुसरं, हे पॅनल मुळात उभं असतं, १४४० रुंद आणि २५६० उंच. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चित्र आडवं फिरवता येतं. टीव्हीला लावायच्या स्टिकला ते सहसा जमत नाही आणि सिनेमा कुशीवर झोपलेला दिसतो. चित्र फिरवून देणारा ड्रायव्हर बोर्ड (पॅनलला सिग्नल पुरवणारं सर्किट) आहे का, हे विकणाऱ्याला लेखी विचारा.

आता उष्णता. मघाशी ३,००० लुमेन पॅनलवर पडतात म्हटलं. ती जवळपास १० वॅटची प्रकाशऊर्जा आहे. त्यातली ९५ टक्के पॅनल स्वतःत जिरवतं. पोस्टकार्डापेक्षा लहान तुकड्यावर साडेनऊ वॅट सतत. हवा नसेल तर द्रवस्फटिक विशिष्ट तापमानापुढे आपली रचना सोडतात आणि चित्रात मधोमध डाग पसरू लागतो. लगेच बंद केलं तर थंड होऊन डाग जातो. तसंच चालू ठेवलं तर पोलरायझरची फिल्म पिवळी पडते, मग ते पॅनल गेलं. म्हणून एक पंखा एलईडीच्या हीटसिंकला आणि दुसरा स्वतंत्र, पॅनलच्या दोन्ही बाजूंनी हवा वाहील असा. एकाच पंख्याकडून दोन्ही कामं करवू नका, हीटसिंकची गरम हवाच पॅनलवर येते. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तिथे मी आणखी एक करतो: पोलरायझर फिल्मचा एक तुकडा वेगळ्या काचेवर लावून तो मागच्या फ्रेनेल आणि पॅनलच्या मध्ये ठेवतो. दिशा अशी जुळवायची की चित्र सगळ्यात उजळ दिसेल. पॅनलच्या पोलरायझरला जी उष्णता शोषावी लागली असती, तिचा मोठा वाटा ती काच घेते. उष्णतारोधक काच मात्र या यंत्राला गरजेची नाही. ती हॅलोजन आणि मेटल हॅलाइड दिव्यांच्या काळातली, एलईडीच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळपास नसतात.

एलईडीला वीज देताना स्थिर व्होल्टेजचा अ‍ॅडाप्टर थेट जोडू नका. ही एलईडी ३० ते ३४ व्होल्टवर तीन अँपिअर घेते आणि तापली की तिला लागणारं व्होल्टेज कमी होतं. व्होल्टेज तेवढंच राहिलं तर प्रवाह वाढतो, आणखी तापते, आणखी वाढतो, आणि शेवटी जळते. प्रवाह स्थिर ठेवणारा ड्रायव्हर घ्या आणि दोन अँपिअरवर चालवा. उजेड थोडाच कमी होतो, उष्णता बरीच उतरते, पंखे सावकाश फिरवता येतात. बाजारात २३० व्होल्टवर थेट चालणाऱ्या विनाड्रायव्हर एलईडीही मिळतात. त्यांच्या उघड्या पट्टीवर थेट घरातली वीज खेळत असते आणि प्रकाश सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. घरात मुलं असतील तर तसली एलईडी उंबऱ्याच्या आत आणू नका. आणि कुठलीही असो, पेटलेल्या एलईडीकडे थेट बघायचं नाही. चाचणीच्या वेळी तोंडाशी कागद तरी धरा.

पेटीचं सुतारकाम तुम्ही जमेल तसं करा, प्लायवूड किंवा फोमशीट काहीही चालतं, आतून मॅट काळा रंग मात्र हवा. भिंगाची नळी सरकती ठेवा. २०० मिमीच्या भिंगाला अडीच मीटरपासून चार मीटरपर्यंतचा फोकस मिळायला फक्त सात मिलिमीटर सरकावं लागतं, त्यामुळे २० मिमीची सोय पुरून उरते. पीव्हीसी पाइपात पाइप घट्ट बसवला तरी काम होतं. यंत्र कपाटावर ठेवून खाली झुकवलंत तर चित्र वर अरुंद, खाली रुंद होईल. झुकवण्याऐवजी पॅनल भिंतीला समांतर राहू द्या आणि भिंग खाली सरकवा. भिंग ३० मिमी सरकलं की भिंतीवरचं चित्र ४६ सेंटिमीटर उतरतं. पुढची फ्रेनेलही तेवढीच खाली घ्या, नाहीतर एलईडीची प्रतिमा भिंगाबाहेर पडेल.

खरेदी कोणत्या क्रमाने करायची, तर पॅनल तुमच्याकडे येतंच आहे. ते आलं की आधी रंग आणि फिरवण्याची सोय तपासा. मग मोबाइल घेऊन भिंग शोधा. भिंग हातात आल्यावर त्याचं खरं नाभीय अंतर मोजून त्यापेक्षा थोड्या जास्त मापाची पुढची फ्रेनेल घ्या, मागची शक्य तितक्या लहान मापाची. पेटी सगळ्यात शेवटी. तोवर सगळं टेबलावर पट्टी आणि पुस्तकांच्या आधाराने मांडून बघा. वाचनाच्या भिंगाचं नाभीय अंतर किती निघालं आणि कोपऱ्यातली कितवी ओळ वाचता आली ते कळवा, म्हणजे फ्रेनेलची नेमकी मापं काढून देतो.